पोस्टरातलं झाड आणि आमचं

३ मार्च, सकाळी सात
देवाचं नाव घेऊन डोळे मिटले. संकल्प : आजपासून राग नाही. तसा मला राग येतच नाही, लोक आणतात.

रात्री नऊ
मी प्रेसमध्ये प्रुफं तपासतो. आज मालकांनी पर्यावरणाच्या जाहिरातीचं पोस्टर पुढ्यात ठेवलं. मोठं झाड, बुंध्यात रुतलेली कुऱ्हाड, घावातून ओघळणारं रक्त. म्हणाले, "तुम्ही खेड्यातल्या शाळेत शिकलेले, नजर साधी. बघून सांगा, माणूस हलतो का." अर्धा तास बघितलं. नजर आधी लाल रंगावर जाते. ओघळ तिला खाली नेतो. खाली दोनच शब्द : 'मला वाचवा'. भोवती सगळं मोकळं. किंकाळीला जागा लागते. माझे डोळे भरून आले.

४ मार्च
वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला गाडी लावायची आहे, म्हणून अंगणातलं आमचं झाड काढायचं म्हणतो. आमचा पहिला मुलगा आठ दिवसांत गेला, त्या वर्षी बायकोने लावलेलं. ती एवढंच म्हणाली, "अहो, हे एक सांभाळा." म्हटलं, निश्चिंत राहा. भांडायची गरजच नाही, चित्र बोलेल. पोस्टरची वाया गेलेली एक प्रत शेजाऱ्याच्या दाराला डकवली.

५ मार्च
चित्र बोललं. शेजारी म्हणाला, "काका, काय पातं आहे! कुठे मिळते ही कुऱ्हाड?" मी शांतपणे चित्राची रचना समजावली. तो जांभया देत होता. नीट दिसावं म्हणून कॉलर धरून त्याचं तोंड जवळ नेलं. दोन बटणं माझ्या हातात राहिली. नाक दारावर आपटलं. थोडंसं.

६ मार्च
दोष सापडला. चित्रात सगळ्यांत जास्त उजेड पात्यावर आहे, नजर तिथेच जाणार. शेजाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मनातल्या मनात माफ केलं. मार्करने कुऱ्हाड झाडाच्या रंगात बुजवून टाकली.

७ मार्च
कुऱ्हाड गेली, रक्त राहिलं. आता शेजारी म्हणतो, "बघा, झाडाला रोग लागलाय. काढायलाच हवं." मी हात उगारला नाही. उगारली ती छत्री. तिचा दांडा त्याच्या कानशिलावर मोडला. त्याने मला जिन्यावरून ढकललं. भुवईला तीन टाके. शर्टावरचं रक्त धुताना बायकोने विचारलं, "भांडलात?" म्हटलं, छे, समजावत होतो.

९ मार्च
पडून विचार केला. कागदावरचं रक्त खोटं, म्हणून माणूस हलत नाही. डोळ्यांदेखत खरा घाव बघेल, तर दगडालाही पाझर फुटेल. एकच घाव, नमुन्यादाखल. बोटभर खोल. आधी झाडाची क्षमा मागायची. कुऱ्हाड आणली. पातं खरंच सुरेख आहे.

१० मार्च, दुपार
बायको बाजारात. क्षमा मागितली. घाव घातला. थोडं पाणी आलं, लाल काही नाही. पाण्याने कोण हलतं? दुसरा घातला. तिसरा. तेवढ्यात बाल्कनीतून शेजारी, "वा काका! माझंच काम करताय की!" त्यानंतर मला झाड दिसत नव्हतं. प्रत्येक घाव त्याच्या दातांवर बसत होता. ढलप्या उडत होत्या, तळहात फुटले होते. दम लागला तेव्हा थांबलो. तो म्हणे कधीपासून ओरडत होता, "बस करा हो काका, नाही लावत मी गाडी!"
म्हणजे माणूस हलतो. पद्धत बरोबर होती.

११ मार्च
पालिकेच्या उद्यान खात्याचा इन्स्पेक्टर आला. घाव मोजले, सव्वीस. म्हणाला, "अर्ध्याहून जास्त बुंधा गेला. वारा सुटला की कोणाच्या तरी डोक्यात पडेल. आजच पाडावं लागेल." कोणी केलं म्हणून विचारलं. मी चित्रातल्या लाल रंगापासून सुरुवात केली. बायको म्हणाली, "ह्यांनी." शेजारी मान खाली घालून उभा होता. मशीनला नऊ मिनिटं लागली.

१२ मार्च
स्वयंपाकघरात आता थेट ऊन येतं. ती स्टुलावर चढून खिडकीला चादर लावत होती. स्टूल डगमगलं म्हणून धरायला गेलो. म्हणाली, "तुम्ही कशालाही हात लावू नका."