दादाची साक्ष

प्रिय दादा,

हे पत्र मी पाठवणार नाही. माझ्या वकीलबाई म्हणतात, असं पत्र उद्या कोर्टात पुरावा म्हणून दाखल होतं.

आईच्या घरासाठी आपण भांडतोय. आज साक्षीच्या पिंजऱ्यात तू होतास. तुझ्याच वकिलांनी विचारलं, "आईचं आजारपण कोणी काढलं?" त्यांना तुझं नाव हवं होतं. तू माझ्याकडे बघून म्हणालास, "हिनं. एकटीनं." न्यायाधीशांनी ते नोंदवून घेतलं. तुझ्या वकिलांनी कपाळाला हात लावला. उलटतपासणीसाठी माझ्या वकीलबाई उठल्या, तशी मी त्यांची बाही ओढली. "काही विचारू नका."

वेडाच आहेस, स्वतःची केस बुडवलीस! आता तडजोडीचा अर्ज मीच देतेय. वरचा मजला तुझा. वाद घालायचाच असेल, तर घरी येऊन घाल.

तुझीच,
धाकटी