किल्ली न दिलेलं पुस्तक

टू हार्बर्स, मिनेसोटा
१८ फेब्रुवारी

प्रिय आर्वो,

अनेक आशीर्वाद. घरी सगळं ठीक आहे. सरोवर काठापर्यंत गोठलंय. बाबांचा गुडघा ठणकतोय. शेजारच्या मार्थाबाईंनी पुन्हा ते बटाटा-खिम्याचं हॉटडिश पाठवलं आणि बाबांनी नावं ठेवत ठेवत भांडं चाटूनपुसून संपवलं.

सगळं ठीक आहे असं लिहिलं खरं, पण हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय.

मंगळवारी तू लिहिलेलं आठवणींचं पुस्तक घेतलं. दृष्टी गेल्यापासून बाबा टॅब्लेटकडून पुस्तकं वाचून घेतात, तुला माहीतच आहे. पण कुलूपवालं ई-पुस्तक विकत घ्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. पैसे आपण मोजायचे आणि ते कुठे उघडायचं, कुणाला द्यायचं, हे दुकानदारानं ठरवायचं, म्हणजे काय! "जन्मभर कुलपं विकली मी. कुलूप विकून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणाऱ्याला आमच्या धंद्यात चोर म्हणतात." या हट्टापायी किती चांगली पुस्तकं सोडली त्यांनी. तुझ्याही पुस्तकाला कुलूप आहे म्हटल्यावर मात्र विरघळले. "घे गं. पोराचं आहे. पोरगा काय बापाला बाहेर उभा करणार आहे होय?"

कॉफी घेतली, नवा शर्ट घातला आणि खुर्चीत ताठ बसले. मी बटण दाबलं. मशीन म्हणालं, "या पुस्तकाचं मोठ्यानं वाचन बंद केलेलं आहे." बाबा हसले. म्हणाले, "तुझा हात चुकला असेल, पुन्हा दाब." परत परत दाबायला लावलं रे.

मी आतल्या खोलीत जाऊन प्रकाशकांना फोन केला. बाई अगदी गोड बोलल्या. "आमच्या बाकी पुस्तकांना वाचनाची मोकळीक असते हो. हे लेखकानंच खास सांगून बंद करून घेतलंय." अरे, आंधळ्या बापाच्या तोंडावर दार? बाहेर येऊन बाबांना थाप मारली की मशीन बिघडलंय. आणि रागारागानं म्हटलं, मीच वाचते.

सातव्या प्रकरणात कळलं, तू असं का केलंस.

आई दूध आणायला गेली आणि गाडी बर्फावरून घसरली, त्यात ती वारली, हेच मी आजवर धरून चालले होते. पण त्या दिवशी तू खिडकीतून गाडीच्या मागच्या सीटवरची सूटकेस पाहिलीस. आई आपल्याला सोडून चालली होती. केवढासा होतास तू! बाबांना कळू नये म्हणून इतकी वर्षं एकटा गिळत राहिलास. वेड्या, मला तरी सांगायचंस.

ते पान बाबांना न ऐकवता मी गुपचूप पुढच्या पानावर गेले आणि तिथून वाचायला लागले.

"हिल्या," बाबा म्हणाले, "सूटकेस आली ना?"

"जड होती. तिला बर्फावरून नेववली नसती. मीच गाडीत ठेवली. पोहोचलीस की फोन कर, म्हटलं." मग म्हणाले, "तुम्हा पोरांना दूध म्हणून सांगितलं. आईला कुणी नावं ठेवू नयेत."

आर्वो, मी अजून सावरलेली नाही. एकाच घरात तुम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत बसलात!

आता रोज सूटकेसचं तेच पान वाच म्हणतात. मला नाही वाचवत. दोन ओळींत रडायला लागते. "मशीनला रडू येत नाही, ते बरं," म्हणतात. मी म्हटलं, तुमची अवजारं आहेत की, फोडा ना ते कुलूप. तर म्हणाले, "पोरानं लावलंय. त्यानंच काढायचं."

तेव्हा हे पत्र मिळताच प्रकाशकांना फोन कर. दुसरं काही मागत नाही.

आज सकाळीही ते नवा शर्ट घालूनच बसलेत.

तुझी ताई,
हिल्या