प्लाझ्मा, एलसीडी आणि गारखेड्याचं दार

१४ सप्टेंबर
आणि वर मलाच म्हणतो, तुला काय कळतं टीव्हीतलं. मला. दिवसभर ह्या दोन हातांनी ट्रकातून टीव्हीच उतरवतो मी, आणि ह्याला एका दुकानदारानं चहा पाजला तर हा शहाणा झाला. पाच वेळा सांगितलं, दादा, एलसीडी घे. नाय. प्लाझ्माच पाहिजे. "त्यात काळा रंग काळाच दिसतो" म्हणे. अरे, तुझा जन्म कंपनीत प्रेस मशीनवर चाललाय, घरी येतो तोवर डोळे मिटायला लागतात, तू काळ्या रंगाचं काय करणार? हे फोनवर सुचलं नाही. फोन ठेवल्यावर सुचलं. नेहमीचंच.

१५ सप्टेंबर
जुना डब्बा मरून वीस दिवस झाले. आईनं एकदा पण तक्रार केली नाही, म्हणजे तिला लई जड जातंय. कंबरेचं हाड मोडल्यापासून पलंग आणि टीव्ही, एवढंच तिचं जग. नवीन टीव्हीचे अर्धे पैसे माझे ठरलेत. तर अर्धं तोंड पण माझं चालणार.

१७ सप्टेंबर
प्लाझ्मा लिहायला हात दुखतो. आठवीतच शाळा सोडली ती काय उगं नाही. इथून पुढं प्ला. आणि एल.

गारखेड्यातली आमची खोली वहीत काढून पाहिली. टीव्ही दाराच्या समोरच्या भिंतीवर. आईचा पलंग उंबऱ्याला लागून, टीव्हीच्या नाकासमोर. दार दिवसभर सताड उघडं. आई एक डोळा टीव्हीवर आणि एक गल्लीत ठेवून बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारते. सकाळचं ऊन सरळ टीव्हीवर. प्ला. ची काच म्हणजे आरसा. मालिकेतल्या सासूच्या तोंडावर गॅसवाल्याची सायकल दिसंल. एल. ला तसं नाही. बिल पण कमी. दादा रात्री लाईट बंद करून पाहतो, त्याला प्ला. मस्तच दिसणार. पण टीव्ही आईसाठी घ्यायचाय ना.

१९ सप्टेंबर
गोडाऊनमध्ये परत आलेले दोन पीस पडलेत, एक प्ला., एक एल. सुपरवायझर जेवायला गेला तसे मी अन् मुरुगननं दोन्ही शटरपाशी नेऊन चालू केले. मुरुगन इथलाच, चेन्नईचा. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची. हातानंच सगळं. भर उन्हात समोर बसलो. प्ला. मध्ये माझं पोट, ट्रकचं चाक, मागचा रस्ता, सगळं दिसलं, सिनेमा सोडून. एल. एकदम साफ. मी खूश.

मग मुरुगननं हात धरून मला पार बाजूला नेलं. तिथून एल. पांढरा पडला. माणसांची तोंडं राख फासल्यागत. प्ला. जसाच्या तसा. मुरुगन हसत होता.

हे दादाला सांगणार नाही. आईचा पलंग समोर आहे, बाजूला नाही. विषय संपला.

२० सप्टेंबर
विषय संपला नाही. मी म्हणलं, प्ला. वीज खातो. तर म्हणे, "बिल मी भरतो. दोन वर्षांत तू मीटर तरी पाहिलं का?" मी म्हणलं, दिवसा त्यात काही दिसत नाही. तर म्हणे, "दिसतंय." कसं दिसतंय ते सांगंना. "तू तिकडं बसून इकडची भिंत मोजू नको." तू तिथं बसून तरी कुठं मोजतो?

२२ सप्टेंबर
आईशी बोललो. दादाच्या मोबाइलवरून, म्हणजे दादा शेजारीच उभा असणार. म्हणाली, "मला काय रं, कुणी बोलत राहिलं म्हंजे झालं. चित्र नसलं तरी चालंल. दुपारचं लई गप गप असतं."

मी म्हणलं, गल्ली आहे की समोर.

"हां," म्हणाली. मग, "तिथं भाकर मिळती का तुला?"

दोन वर्षांत शंभरदा विचारलंय. शंभरदा सांगितलंय, भात.

२५ सप्टेंबर
रफिकभाईला फोन लावला. आमच्या घरापासून तिसरं दुकान त्याचं, टीव्ही दुरुस्तीचं. जुना डब्बा दहा वर्षं त्यानंच जगवला. म्हणलं, भाई, भिंत तुम्ही पाहिलेली, तुम्हीच दादाला समजावा, एलसीडी घे म्हणावं.

"नै रे बावा. प्लाझ्मा लेव. अंधेरे में उसके जैसा कुछ नै."

अंधार कुठला भाई? दार तर उघडं असतं दिवसभर.

"किधर का खुला? भाभी ड्यूटी कू जाते, बाहर से ताला रहता शाम तलक. खटिया बी कोने में सरका दिये. मैं समझा तुम लोगां मिलके ठराये."

नाही म्हणलं. मला माहीत नाही.

मग म्हणाला, "मेरा नाम नको ले."

वहिनी कामाला लागली ते माहीत होतं. शिलाईच्या कारखान्यात. बाकीचं कुणी सांगितलं नाही. मी ज्या खोलीसाठी महिनाभर भांडतोय ती खोलीच राहिली नाही तिथं. वहीतलं चित्र फाडलं. मग परत काढलं. पलंग दाराच्याच भिंतीला, पण लांबच्या कोपऱ्यात. तिथून दार दिसतच नाही. टीव्ही तिरका दिसतो. खिडकी आहे डोक्यामागं, तळहाताएवढी.

२६ सप्टेंबर
आज एक प्ला. आडवा ठेवला मी. आडवा ठेवायचा नसतो, काच जाते, पहिल्या दिवशी शिकवतात. मुरुगननं येऊन गपचूप उभा केला.

२७ सप्टेंबर
दादाला विचारलं, आईला कुलपात ठेवतो का तू?

आधी, "कोण बोललं?" मग म्हणाला, "एप्रिलात दार उघडं होतं तवा ती एकटीच उठली. उंबऱ्यात पडली. तासभर पडून होती उन्हात, कुत्रं तोंडापाशी. तुझ्या गल्लीतल्या एकानं पाहिलं नाय. आता काय करू, नोकरी सोडू का बायकोची सोडवू?"

मला का नाय सांगितलं?

"सांगून? आला असता?"

मागून वहिनी, मला ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं, "त्यांना म्हणा, महिनाभर दारात येऊन बसा, मंग कुलपाचं बोला. लांबून टीव्ही सगळेच पसंत करत्यात." सिल्लोडची आहे, ऐकून घेणारी नाही. मला ती कधीच आवडली नाही आणि आज तिचं एक वाक्य खोडता आलं नाही.

म्हणून दादाला म्हणलं, आईला कोंडून वर तुला काळा रंग काळा पाहिजे.

या वेळी फोनवरच सुचलं. त्यानं फोन ठेवला.

२९ सप्टेंबर
दुपारी रफिकभाईचा नंबर. उचलला तर आई. त्यानं खिडकीतून मोबाइल दिला होता.

"दादाला बोलू नको. ड्यूटीवरून आला की आधी माझ्या पलंगापाशी बसतो तो, मंग बूट काढतो. कुलूप मीच लाव म्हणले."

खरं बोलली का खोटं, आवाजावरून कळलं नाही. आधी कळायचं.

विचारलं, टीव्ही कोणता पाहिजे तुला, सरळ सांग.

"त्यात आपली गल्ली लागती का?" म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. मागून रफिकभाई, "अम्मा, बॅलन्स जारा मेरा."

३० सप्टेंबर
दादा फोन उचलत नाही. मी पण तीनदाच लावला.

१ ऑक्टोबर
शटरपाशी तो परत आलेला प्ला. अजून आहे. आज चालू केला नाही. बंदच ठेवून शटरच्याच भिंतीला लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसलो, जिथं आईचा पलंग असंल तिथं. तिथून शटर दिसत नाही. पण काचेत पाहिलं तर रस्ता दिसला. चहावाला, रिक्षा, एक बाई लेकराला ओढत चाललेली. सगळं उलटं, काळपट, पण चालतंबोलतं. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बसलो. मुरुगन येऊन शेजारी बसला, त्याला वाटलं माझं डोकं दुखतंय.

एल. मध्ये पाहिलं. काहीच दिसलं नाही.

म्हणजे महिनाभर ज्या गोष्टीसाठी मी प्ला. ला शिव्या घातल्या तीच आईला गल्ली दाखवणार. दादापुढं हे कबूल करणं मला मरण आहे. आणि दार बंद असंल तर काचेत दाराची फळीच दिसणार. म्हणजे दादा पण बरोबर नाही.

२ ऑक्टोबर
दादाला मेसेज टाकला. तीनदा खोडून. "टीव्ही तुला पाहिजे तो घे, प्लाझ्मा घे. पण आधी दाराला जाळीचं दार बसव. कुलूप जाळीला लाव, लाकडाचं दार उघडं ठेव. एक किल्ली रफिकभाईकडं. आई पडली तर त्याला हाक ऐकू जाईल." खाली लिहिलं होतं, मी चुकलो एलसीडीचं. ते खोडलं.

त्याचं उत्तर, "वहिनी म्हणते किल्ली बाहेर द्यायची नाय."

मी लिहिलं, वहिनी म्हणते का तू म्हणतो?

उत्तर नाही.

४ ऑक्टोबर
अजून उत्तर नाही. मेसेज पोचलाय, एवढं मोबाइल दाखवतो.

पैसे दादाच्या खात्यावरच पाठवतोय, दुसरं कुणाचं खातं नाही. त्यानं दार नाही बसवलं तर मी इथून काय करणार? पलंग कुठं आहे ते कळायला मला पाच महिने लागले. माझा अर्धा टीव्ही सतरा हजार. जाळीच्या दाराचे साडेचार, रफिकभाईनं लोहाराला विचारून सांगितले. दिवाळीला घरी जायच्या तिकिटाचे बाजूला ठेवले होते ते ह्यातच गेले, म्हणजे वहिनीचं परत खरं.

एकवीस हजार पाचशे.