देवघरातले डॉल्फिन

चि. हर्षल,
अनेक आशीर्वाद; आजचे दात-ओठ खाऊन दिलेले आहेत.

तक्रार गंभीर आहे. तुझ्या वैशाली नगरच्या फ्लॅटमध्ये मिस्त्रीने बाथरूमच्या टाइल्स देवघराला लावल्या. मत्स्यावतार मान्य, पण बाळकृष्णामागे डॉल्फिन? वर मलाच सांगतो, "गुरुजी, भैया ने फोन करके यही बोला था." औलीच्या स्कीच्या उतारांवर उन्हाळ्यात बर्फही नसतो, तरी तू तिथं डोंगर चढून राहिला आणि मोठा भाऊ इथं तुझं सिमेंट खाऊन राहिला. कावून रे?

आज तुझं कपाट हलवताना हृदयाच्या गोळ्या सापडल्या. "सोबत घेतल्या, दादा," म्हणाला होतास. पाकीट फोडलेलंही नाही. तीन दिवस तुझा फोन लागत नाही आणि हे पत्र टाकायला पत्ता नाही.

डॉल्फिन राहू दे. मले भेव वाटून राहिलं.

तुझा दादा