आईला अजून सांगितलेलं नाही

३ फेब्रुवारी, सोमवार
घडलेलं, क्रमाने:
१. मागच्या आठवड्यात इथे नेरे गावात मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या तपासणीची, गाडी आली होती.
२. घरमालकीण गोजराबाई आईला तिथे घेऊन गेल्या. आई अंबाजोगाईहून माझ्याकडे राहायला आली आहे. तिची ही पहिलीच तपासणी.
३. फॉर्म मीच भरून दिला होता, त्यावर माझा नंबर. आईच्या गॅसपासून बँकेपर्यंत सगळीकडे माझाच असतो. सोयीचं पडतं.
४. आज मीटिंग चालू असताना तपासणी केंद्रातून फोन. डाव्या बाजूचा एक भाग नीट दिसत नाही, जास्तीचे फोटो काढायचेत, शुक्रवारी घेऊन या.
५. मी ‘हो’ म्हणाले.
६. आईला अजून सांगितलेलं नाही.

मी घाबरलेली नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. खोटे अलार्म हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. आधी माहिती जमवायची, मग बोलायचं.

४ फेब्रुवारी
वाचलं. परत का बोलावतात: ऊती दाट असतात, एकमेकींवर पडून सावली दिसते. फोटो हलतो. अंगाला पावडर असली तर पांढरे ठिपके येतात. पहिलीच वेळ असेल तर तुलनेला जुना फोटो नसतो. बोलावलेल्यांपैकी बहुतेकींना काही निघत नाही.
‘बहुतेक’ हा शब्द ढिसाळ आहे. तरी पुरेसा.
हे सगळं आईला सोप्या स्लाइड्समध्ये दाखवणार. ऑफिसात शेजारी बसणारा निषाद म्हणाला, “अगं, आई आहे ती, क्लायंट नाही. चहा पिता पिता सांगून टाक.” त्याच्या कामातही असाच धांदरटपणा असतो.

६ फेब्रुवारी, रात्री
स्लाइड्स तयार. तिसरीवर ‘कर्करोग’ शब्द होता, काढला. मग तिसरीत काहीच उरलं नाही, म्हणून तीही काढली.
संध्याकाळी सांगणारच होते. आई मेथी निवडत होती. तिचं लक्ष विचलित झालं असतं.
केंद्राला फोन करून तारीख मंगळवारवर ढकलली. कारण दिलं: रिलीज आहे. रिलीज पुढच्या महिन्यात आहे, पण तयारी आतापासूनच लागते.

९ फेब्रुवारी, रविवार
गोजराबाईंनी आईला देवीला नेऊन ओटी भरायला लावली. आल्यावर आमच्याच खोलीत पुरण घातलं. आईला म्हणाल्या, “फोन न्हाई आला, म्हंजी सुटलीस बघ कल्पना. खा आता बिनघोर.” आई हसली. बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसली.
मी दोन पोळ्या खाल्ल्या, दुधाबरोबर. तिसरी आईने आग्रहाने वाढली.
जेवताना सांगणं योग्य नाही, हे कोणीही मान्य करेल. उद्या संध्याकाळी नक्की. लॅपटॉप चार्ज केला.

१० फेब्रुवारी, सोमवार
वेळेत घरी आले. खोलीला कुलूप. किल्ली गोजराबाईंकडे. आई दुपारच्या गाडीने अंबाजोगाईला गेली.
मी म्हटलं, अशी कशी गेली? गोजराबाई म्हणाल्या, “त्या फोनसाठीच तर थांबली हुती. गाडीतल्या बाईनं समद्यास्नी सांगितलं हुतं, पयलाच फोटू हाय, परत बोलवलं तर भ्याचं न्हाई. आन् आठ-धा दिसांत फोन न्हाई आला तर समदं ठीक. रोज इचारायची मला, येईल का गं?”
मग मी त्यांना सांगितलं.
त्या म्हणाल्या, “तुजा नंबर कशापायी दिलास गं? तिच्या हातातला फोन काय भाकरी भाजायला हाय व्हय?”
मी नियोजन समजावायला लागले. त्या आत निघून गेल्या.

आईला फोन लावला. सगळं क्रमाने सांगितलं, स्लाइड्सशिवाय. तिने एकच विचारलं: “काल पोळी खाताना तुला माहीत होतं?”
मी म्हटलं, शक्यता फार कमी असते.
फोन बंद झाला. रस्त्यात रेंज जाते.
नंतरही लावला. रेंज नसेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आजची तारीख गेली. सुट्टी टाकून केंद्रात गेले. पुढची वेळ सोमवारी, १७ ला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, पेशंटला यायचंय ना? मी म्हटलं, विचारून सांगते. त्या म्हणाल्या, म्हणजे अजून विचारलंच नाही?
अंबाजोगाईत रेंज चांगली आहे. तिकडे राहणाऱ्या दादाने पहिल्या रिंगला फोन उचलला. आई स्वयंपाकघरात आहे म्हणाला. दुपारीही तेच म्हणाला.

आईला मेसेज. पहिले तीन मसुदे लांब झाले होते. हा पाठवला:

आई, तुझ्या डाव्या बाजूचे जास्तीचे फोटो काढायचे आहेत. मला हे ३ तारखेपासून माहीत होतं. काय निघेल ते मला माहीत नाही. वेळ सोमवारी, १७ तारखेला सकाळी आहे. मी न्यायला येऊ, की तू दादाबरोबर येशील? शुक्रवारपर्यंत कळव.