कागदावरची ठेकेदारीण

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून मी स्वतंत्र आहे म्हणे! नऊ वर्षं लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी दाबतेय, रोलरच्या वाफेने हातावरचे केस गेले, आणि आज गोडबोल्या सांगतो — ‘ताई, तुम्ही नोकर कुठे? तुम्ही तर कंत्राटदार. स्वतःच्या मर्जीच्या मालकीण!’

गोडबोल्या म्हणजे आमच्या मालकाचा अकाउंटंट. हे नाव मीच ठेवलंय. अख्ख्या लाँड्रीत चालतं. त्यालाही माहीत असणार.

मागच्या आठवड्यात टॅक्स ऑफिसची दोन माणसं येऊन गेली. तेव्हापासून ऑफिसात धावपळ चाललीय. आज त्याने दोन पानांचा कागद पुढे सरकवला. पहिल्या दिवसापासून मी कंत्राटावरच काम करतेय असं त्यात लिहिलंय. एकवीस तारखेपर्यंत सही हवी. म्हटलं, वाचून देते.

‘वाचायचं काय त्यात? तुमचं टॅक्सचं सगळं मीच बघतो की. फुकटात.’

फुकटात! हा माणूस पेन उसनं देताना टोपण स्वतःकडे ठेवतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, ‘करून टाक सही. मला गेटवर कुणी बसवलं? त्यानेच ना?’

खरंय. कंबर गेल्यावर याला कुणी उभं करत नव्हतं. गोडबोल्याने लाँड्रीच्या गेटवर वॉचमनची खुर्ची दिली. म्हणजे मी नाही म्हटलं की ती खुर्चीही गेली. एकाच दोरीने दोघांचे पाय बांधलेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. टॅक्स ऑफिसला गेले. आत जायची हिंमत झाली नाही, बाहेरच एक एजंट स्टूल टाकून बसला होता, त्याला विचारलं. म्हणाला, ‘मावशी, तीन कोऱ्या कागदांवर सह्या द्या, बाकी माझ्यावर सोडा.’ कोऱ्या कागदांवर! चौथीच शिकले मी, पण अक्कल शाळेत ठेवून नाही आले.

मग तिथून एका काचेच्या ऑफिसात. नखं रंगवलेली पोरगी म्हणाली, तुमच्या बिझनेसचं स्वरूप काय? म्हटलं, चादरी. तिने टाइप केलं आणि तासाची फी सांगितली. मी तेवढं पाणी पिऊन उठले. पाणी थंड होतं.

गोडबोल्या फुकट, एजंट स्वस्त, काच महाग. आणि यातलं कोण खरं बोलतंय हे कळायला मला काय अंतर्ज्ञान आहे?

८ नोव्हेंबर, शनिवार

जाऊ माझ्याबरोबरच रोलरवर आहे. तिने एका बाईंचा पत्ता दिला, टॅक्सचे हिशेब करणाऱ्या. तिच्या भाचीच्या शिवणकामाचे कागद त्या बाईंनी निस्तरले होते. काम सुटल्यावर गेले. खाली किल्ल्या बनवणारा, मग अंधारा जिना, वर एक टेबल, दोन खुर्च्या आणि या हिशेबाच्या बाई. बुटक्या, जाड भिंगांच्या. बसा म्हणायच्या आधी फी सांगितली. लिहूनही दिली — कशाचे किती, आणि कशाचे नाही.

‘टॅक्स वाचवून देईन असं मी कुणाला सांगत नाही. तसं ऐकायचं असेल तर ज्या जिन्याने आलात त्यानेच उतरा.’

मला बाई आवडल्या.

मग प्रश्नच प्रश्न. किती वाजता यायचं हे कोण ठरवतं? मालक. रोलर कुणाचा? मालकाचा. आजारी पडलात तर तुमच्या जागी तुमच्या मनाने दुसरी पाठवता? ‘पाठवली तर गेटवरून हाकलतील तिला!’ (हाकलणारा माझाच नवरा असेल, हे बोलले नाही.) दुसऱ्या लाँड्रीचं काम घेता? वेळ कुठाय? शेवटी म्हणाल्या, एकटीने चादर घडी करता येते?

‘डबलची? दोघी लागतात! चार कोपरे असतात तिला.’

तेव्हा कुठे हसल्या. ‘मग तुम्ही कसल्या हो स्वतंत्र?’

नीट समजावून सांगितलं त्यांनी. मालक आमच्या पगारातून जे कापतो ते त्याने सरकारात भरायला हवं होतं, ते भरलेलं नाही. टॅक्सवाले त्याच्या मागे लागलेत. मी त्या कागदावर सही केली की नऊ वर्षांचं सगळं, व्याज आणि दंडासकट, त्याच्या गळ्यातून निघून माझ्या गळ्यात. ‘आणि तुमचा तो गोडबोल्या, त्याला पगार कोण देतं? मालक. मग तो तुमचं काम फुकट करत नाही. तुमचं काम तो करतच नाही.’

जिना उतरताना अंधारात एक पायरी चुकले. खाली किल्लीवाला ‘सांभाळून’ म्हणाला.

१० नोव्हेंबर, सोमवार

माझ्या टॅक्स नंबरावर आजवर काय काय भरलंय ते बघायची परवानगी बाईंना दिली. वाचून सही केली. वाचायला पाऊण तास लागला. बाईंनी घाई केली नाही. कुणी माझ्यासाठी असं थांबल्याचं आठवत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

देवा!

माझ्या नावावर फर्म आहे. माझ्या! घराचा पत्ता, माझाच फोन नंबर. आणि माझ्या हाताखाली चार कामगार — माझ्याबरोबर रोलरवर असणाऱ्याच थोरली, चष्मेवाली, नवी आणि माझी सख्खी जाऊ. मी त्यांची ठेकेदारीण! मालक माझ्या फर्मला पैसे देतो आणि मी यांना पगार देते, असं सरकारदरबारी नोंदलंय. यांच्या पगारातून जे कापून भरायचं ते मी भरायचं होतं. एक वर्षही भरलेलं नाही.

बाईंनी त्यातल्या एका कागदाची छापील प्रत समोर ठेवली. खाली माझी सही. खोटी नाही. माझीच, वेडीवाकडी.

कशी केली ते लगेच आठवलं. आमच्या पाच जणींत लिहिता येतं ते मला एकटीला. म्हणून हजेरीचा कागद माझ्याकडे. दर महिन्याला पाचही जणींची हजेरी मी भरायची आणि खाली सही ठोकायची. गोडबोल्या म्हणायचा, ‘ताई आहेत म्हणून चाललंय सगळं!’ वरच्या ओळी इंग्रजीत असायच्या, बारीक. त्या वाचता येत नाहीत हे त्याला सांगायची लाज वाटली. नऊ वर्षं लाज वाटली. पत्ता-फोन माझा का, तर बाकीच्यांचे फोन सारखे बंद पडायचे, मीच म्हटलं माझा टाका.

मला तो मान वाटायचा! कपाळ माझं.

बाई म्हणाल्या, दोनच वाटा. गप्प बसून वाट बघायची, किंवा आपण होऊन टॅक्स ऑफिसला कळवायचं की मी ठेकेदार नाही, या सह्या हजेरीच्या आहेत. आपण होऊन गेलं तर दंड कमी धरतात. पण पूर्ण सुटायचं तर आम्ही त्याच्या नोकर आहोत असं मालकाकडून आलेलं काहीतरी लेखी हवं. आणि मालक तर सगळं तोंडी सांगतो. नऊ वर्षांत चिठ्ठीसुद्धा नाही दिली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डब्याच्या सुट्टीत चौघींना सांगितलं. लपवून काय करू?

थोरलीने घास खाली ठेवला. ‘म्हणजे आमचं कापलेलं तुझ्या घरात आलं?’

चष्मेवाली म्हणाली, ‘अगं, हिची चप्पल बघ! खाल्लं असतं तर नवी नसती घेतली?’

जाऊ म्हणाली, ‘मालकीणबाई, आधी तो वरचा पंखा बदला. वाफेने जीव चाललाय.’ नवी फिदीफिदी हसली. चष्मेवालीही.

थोरली हसली नाही. दुपारभर माझ्यासमोर उभी होती. चादर ताणली, दोन पावलं पुढे आली, कोपरे माझ्या हातात दिले, मागे गेली. शंभर चादरी झाल्या असतील. एकदाही वर बघितलं नाही तिने.

१६ नोव्हेंबर, रविवार

गोडबोल्याला कळलं. नव्या पोरीच्या पोटात काही राहत नाही.

त्याने लगेच काय केलं? गेटवरची खुर्ची काढून घेतली. वॉचमनने उभं राहायचं असतं म्हणे. नवरा संध्याकाळी घरी आला तो भिंत धरून. तेल चोळायला गेले तर हात झटकला. ‘चौथी शिकलेली बाई तू. तुलाच फार कायदा कळतो?’

मी म्हटलं, चौथी शिकले म्हणूनच अडकले, अडाणी असते तर अंगठ्यावर भागलं असतं.

दोघंही जेवलो नाही. भांडी तेवढी कमी घासावी लागली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पर्समध्ये दोन कागद. एक गोडबोल्याचा, एक बाईंनी लिहिलेला. सही कशावरच नाही. त्याच्यावर केली तर टॅक्सवाले धरणार, बाईंच्यावर केली तर मालक बाहेर काढणार. नवऱ्याकडे बघितलं की वाटतं करावी सही, जाऊ दे. थोरलीकडे बघितलं की वाटतं हात तोडून टाकावा.

‘सांगा ना काय करू!’ असं बाईंवर ओरडले फोनवर. त्या म्हणाल्या, ‘धोका कुठे किती ते मी सांगितलं. सही तुमची.’

असली कसली बाई! पैसे घेते आणि तोंडदेखलंसुद्धा बोलत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाईंच्या कागदावर केली. अर्धी रजा टाकून दोघी टॅक्स ऑफिसात गेलो. या वेळी आत. शिक्का मारून प्रत दिली. बाई म्हणाल्या, आता वेळेवर कामावर जायचं, शांत राहायचं, कुणाशी भांडायचं नाही.

भांडायचं नाही! मग मी तोंडाचं करू काय?

नवऱ्याला सांगितलं. भिंतीकडे तोंड करून पडला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी गोडबोल्या रोलरपाशी आला. एवढ्या वाफेत तो कधी येत नाही. ‘ताई, कागद?’ म्हटलं, देणार नाही. मशीनवरच्या पोराला रोलर थांबवायला सांगितलं त्याने, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. आणि चौघींकडे वळून म्हणाला, ‘मग ऐका. यापुढे पगाराचं, सुट्टीचं, कापलेल्याचं काय ते हिला विचारायचं. कागदावर तुमची ठेकेदार हीच. मालकांचा तुमच्याशी संबंध नाही.’

वाटलं, आता चौघी मिळून मला फाडून खाणार.

थोरलीने हातातली चादर खाली ठेवली. ‘साहेब, म्हणजे ही सांगेल तसंच करायचं आम्ही?’

‘अर्थात.’

थोरलीने आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ‘सांग गं मग. काय करायचं?’

मी काही ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं — ‘घरी चला.’

पाचही जणी निघालो. ओल्या चादरींनी भरलेल्या अकरा ट्रॉल्या मागे तशाच. गेटवर नवरा उभा होता. आम्ही रस्त्याला लागलो तर मागून चालत आला, कंबर धरत. जाऊ म्हणाली, ‘भावोजी, तुम्हीही आमच्या फर्ममध्ये का?’

आता बाई काय म्हणतील! शांत राहा म्हणाल्या होत्या. बुडाले मी, आणि पाच घरं घेऊन बुडाले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हॉटेलांचे फोन गेले असणार. मालकाने स्वतः मेसेज टाकला, पाचही जणींना, सकाळी सव्वानऊला. ‘मला न विचारता घरी बसलात. तुम्ही पाचही जणी माझ्या नोकर आहात. उद्या आठला हजर झाला नाहीत तर दोन दिवसांचा पगार कापून कामावरून काढीन.’

बाईंना पाठवला. पाच मिनिटांत फोन. बाई पहिल्यांदा ओरडताना ऐकल्या — ‘पुसू नका! चौघींनाही सांगा, कुणीही पुसू नका!’