लाल कप्प्यातली रिकामी जागा

२ मार्च
आज नव्या नोकरीवर रुजू झाले. रक्तपेढी नव्हे हं, नमुनापेढी! साथीच्या तापाची नवी चाचणी बनवायची, तर ती पारखायला आजारी आणि धडधाकट, दोघांचंही रक्त लागतं. ते गोळा करून गोठवून ठेवायचं, हे आमचं काम. फ्रीझर तर केवढा, अख्खा माणूस मावेल! लाल कप्प्यात आजाऱ्यांच्या नळ्या, निळ्यात निरोग्यांच्या. मोठ्या बाई प्रेमळ वाटल्या, फक्त लाल कप्पा भरत नाही म्हणून कुरकुरत होत्या. शेजारच्या टेबलावरचे दादा म्हणाले, लोक आजारी पडत नाहीत हेही आता आपल्याच माथी! हसून हसून पोट दुखलं.

५ मार्च
निरोग्यांचे नमुनेही हवेत म्हणून दादांनी स्वतःचंच रक्त दिलं. मग मी कशी मागे राहणार? सुई घेऊन घरी गेले. नवरोबा ती बघूनच पांढरेफटक! ठमीने मात्र हूं की चूं केलं नाही. एवढीशी पोर, पण उलट बाबांनाच धीर देत होती. आज दोघांच्या नळ्या निळ्या कप्प्यात लावल्या. लहान मुलाचा नमुना मिळाला म्हणून बाईंनी पाठ थोपटली. फुगून घरी आले.

९ मार्च
सकाळी बघते तर दादांची नळी लाल कप्प्यात. वेंधळेपणाची कमाल झाली म्हणून मी त्यांची यथेच्छ फिरकी घेतली. आपण हात लावला नाही, असं ते शपथेवर सांगत होते. नळी परत निळ्यात ठेवली. दुपारी कणकण वाटते म्हणून ते लवकर घरी गेले.

१० मार्च
दादा रुग्णालयात. तोच ताप. नळी पुन्हा लालमध्ये. बाई म्हणाल्या, वाईट झालं, पण निदान कप्पा तरी भरतोय. असा संताप आला मला!

१२ मार्च
नवरोबांची नळी लालमध्ये. फ्रीझरची किल्ली कालपासून माझ्याच पर्समध्ये आहे. घरी फोन केला. हे म्हणाले, अंग जरा तापलंय, एवढ्यातेवढ्याला काय घाबरतेस. घाबरले आहे. हो, पार घाबरले आहे.

१३ मार्च
हेही रुग्णालयात. ठमीला ताईकडे धाडलं. तिची नळी अजून निळ्यात आहे, देवा. बाहेर काढून फेकून द्यावी म्हटलं, पण हिंमत होईना — नळीला काही झालं आणि पोरीला —
लालमध्ये आता एकच जागा रिकामी आहे. माझं रक्त काढलं. मीच तिथे लावलं. कप्पा भरला. ठमीला जागाच नाही, आता घ्या म्हणावं!

१४ मार्च
ताप चढलाय. तरी आले, नजर ठेवायला. ठमी निळ्यातच आहे! ताई म्हणाली, कार्टीने घर डोक्यावर घेतलंय. घेऊ दे. रडूच आलं मला.

दुपारी —
बाई खूश. लाल कप्पा एकदाचा भरला म्हणून नवीन मागवला. तोही लाल. अख्खा रिकामा. मी त्यांचा हात धरला, नको नको म्हणाले — त्यांना वाटलं तापात बरळतेय. त्यांनी तो आत लावून दार बंद केलं.

ताईचा फोन वाजतोय. नाही उचलत. आधी नळी —
दार उघडलं. निळ्यात ठमीची नळी —
ठमीची जागा रिका